शांतीलालशेठचा पस्ताना

शांतीलालशेठना शेठ म्हणायची आमच्या गल्लीची पद्धत होती, एरवी त्यांचं ना दुकान होतं ना गादी. तळोद्यातल्या आठ-दहा कापड दुकानदारांची सुरतची खरेदी करून आणायची, हाच त्यांचा धंदा. महिन्यातून दोनदा, लग्नसराईत तीनदा, अशी चाळीस वर्षं. दुकानदार म्हणायचे, शेठनी डोळे मिटून कापडावरून हात फिरवला की ते धुतल्यावर किती आटेल ते सांगतात. मी एकदा परीक्षा घ्यायची म्हणून माझी नवी साडी पुढे केली. हात फिरवून म्हणाले, "बाई, दोन धुनामा हाई फडकं व्हई." दोन नाही, तीन धुण्यांत झालं. पण मी ते त्यांच्यापाशी कधी कबूल केलं नाही. मी रंजना, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कबूल करून घ्यायची मला सवय आहे, कबूल करायची नाही.

शेठचं सगळं कसब होतं ते बॅग भरण्यात. काळी रेग्झिनची बॅग, तिचे बंद तीनदा बदललेले. ती ते घरात भरत नसत, ओट्यावर भरत, सगळ्या गल्लीदेखत. खाली जड, वर रोजचं, कडेला वाटेत लागणारं. एका बाजूला हीराभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भाजून दिलेले खाखरे आणि उकळलेल्या पाण्याची बाटली. आणि सगळं भरून झालं की उजव्या कोपऱ्यात मूठ घालून बघायचे. मूठभर जागा रिकामी राहिलीच पाहिजे. का, तर जाताना ठासून भरलेल्या बॅगेत परतीचं काय आणणार? एकदा मी प्रशिक्षणाला नंदुरबारला निघाले होते तर माझी बॅग रस्त्यात उघडायला लावली आणि म्हणाले, "बाई, हाई बॅग शे का भाजीनी पाटी?" मला असा राग आला! पण त्यांनी पाच मिनिटांत ती पुन्हा लावून दिली आणि खरंच मूठभर जागा निघाली.

आता पस्तान्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. ज्या दिवशी निघायचं तो दिवस त्या दिशेला चांगला नसेल, तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एक वस्तू वाटेवरच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास चांगल्या मुहूर्तावर सुरू झाला, माणूस मागून गेला तरी चालतं. यालाच पस्ताना ठेवणं म्हणतात. शेठसारख्या राजस्थानातून आलेल्या घरांत तो अजून पाळतात. सुरत पश्चिमेला. रविवारी पश्चिमेला निघायचं नसतं, आणि सोमवारी सकाळी बाजारात हजर व्हायचं तर रविवारची बस धरावीच लागते. म्हणून शेठचा पस्ताना शनिवारी निघायचा, आणि गल्लीत पश्चिमेकडचं, स्टँडच्या बाजूचं शेवटचं घर माझं. नवरा गेल्यापासून मी एकटी राहते, त्यामुळे विचारायलाही कोणी नाही. वर्षानुवर्षं शेठ शनिवारी सकाळी दारात यायचे, हातात लाल फडक्याची पोटली. आत सुपारी, हळकुंड, चिमूटभर तांदूळ, एक रुपया आणि त्यांचा वापरातला रुमाल. ती माझ्या कोनाड्यात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेरूनच हाक मारून घेऊन जायचे. मी म्हणायची, "शेठ, बसचं तिकीट काढतात माणसं. तुम्ही कोनाड्याचं काढता." ते हसायचे.

एकवीस मार्च दोन हजार वीस, शनिवार. डोंगरातल्या काठी गावची होळी होऊन दहा-बारा दिवस झालेले, पुढे आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची लग्नं, दुकानदारांच्या याद्या हातभर लांब. शेठ पोटली घेऊन आले. तोंडाला रुमाल बांधलेला. जैन माणूस, रोजच्या सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, मुखपट्टी बांधायची सवय, त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, आम्हीच गुदमरत होतो.

"उद्या बस निघेल का पण?" मी विचारलं.

"निंघी नही त परवा निंघी," ते म्हणाले. "तीन रातना आत निघनं म्हणजे झायं."

रविवारी थाळ्या वाजल्या. सोमवारी बस नव्हती. मंगळवारी रात्री सगळा देशच बंद झाला आणि शेठच्या तीन रात्री संपल्या.

बुधवारी मी पोटली हातात घेऊन गल्लीच्या मधोमध उभी राहिले. "शेठ, घेऊन जा. प्रवास रद्द, पस्तानाही रद्द."

शेठ ओट्यावरून ताडकन उठले. हीराभाभी आतून धावत आल्या आणि दोन्ही हात पुढे करून मला अडवलं, जसं काही मी निखारा घेऊन निघाले होते.

"बाई, पस्ताना मांगे येस नही," शेठ म्हणाले. "पुढे लेता येस, मांगे नही. ठेवा तठेच. बस सुरू व्हयनी का मीच उचलसू."

मी पोटली परत कोनाड्यात ठेवली आणि मनात म्हटलं, शिकलेल्या माणसाने गल्लीत राहावं तरी कसं.

पण शेठ निघालेला माणूस म्हणूनच वागायला लागले. निघालेल्याने परत उंबरा ओलांडून घरात शिरू नये, म्हणून ते ओट्यावरच जेवत, ओट्यावरच झोपत. शेजारी भरलेली बॅग. तिच्यात नवीन चपलांचा जोड होता, सुरतेच्या बाजारात घालायला ठेवलेला. भाभी त्यांना ताट द्यायच्या ते पाहुण्याला देतात तसं, दारातून वाकून. मी दोनदा चिडले, "अहो, आत जाऊन पंख्याखाली झोपा, सुरत कुठे पळून जात नाही!" ते म्हणाले, "बाई, अर्धा निंघेल माणूस पूरा घरमा कसा जाई?"

एप्रिल लागला. तळोद्याचा एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला दुपारबद्दल सांगायला नको. एक वाजला की गल्ली पांढरी पडायची, कुत्रंसुद्धा गटारात जाऊन बसायचं. त्यात बंद. ना हातगाडी, ना शाळा, ना बायकांचं भांडण. मी खिडकीला ओलं पातळ लावून बसलेली असायची. अशाच एका दुपारी मला चपलांचा आवाज ऐकू आला. फट् फट् फट्, सावकाश, पूर्वेकडून पश्चिमेला. माझ्या दारापर्यंत आला, थोडा थांबला, आणि पुढे स्टँडकडे गेला. मी पातळ बाजूला करून बघितलं. गल्लीत कोणी नव्हतं. त्या टोकाला शेठ ओट्यावर भिंतीला टेकून पेंगत होते. जेवल्यावर एक ते तीन त्यांची झोप ठरलेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम एकच्या आधी छत्री घेऊन त्यांच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिले. कोण पोर चावटपणा करतंय ते धरायचं होतं. शेठ झोपलेले. पाय लांब केलेले, अनवाणी. आणि त्यांच्या पायांचे अंगठे हलत होते. आधी डावा, मग उजवा, मग डावा. टाचा किंचित उचलल्या जात होत्या. झोपेत मांजर पळतं तसं नव्हे ते. नीट, एका लयीत, लांबच्या रस्त्याला लागलेला माणूस चालतो तसे ते चालत होते. आणि त्याच लयीत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या दाराशी, फट् फट् वाजत होतं. माझ्या हातातली छत्री मी मिटली की ती पडली हे मला आठवत नाही. मी भर उन्हात तशीच उभी होते.

मी कोणाला काही बोलले नाही. बोलणार तरी काय? मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी बाई मी.

मग सुकराम आला. सुकराम डोंगरातला, त्याची जीप पूर्वी तळोद्याहून वरच्या पाड्यांना जायची. आता सरकारी पासावर धान्य आणि आरोग्याची माणसं नेत होता. तो बोलतो कमी आणि खोटं तर बोलतच नाही. माझ्या दारात पाणी प्यायला थांबला आणि म्हणाला, "बाई, तुमचा शेठ रस्त्याला लागला का?"

"कुठे लागला? तो काय ओट्यावर बसलाय."

"काल सुरतच्या रस्त्याला, अक्कलकुव्याच्या पुढं दिसला. काळी बॅग. चालत होता. मी हॉर्न दिला, थांबला नाही."

"किती वाजता?"

"दीड वाजला असंल."

काल दीड वाजता मी शेठना माझ्या डोळ्यांनी ओट्यावर बघितलं होतं. मी सुकरामला म्हटलं, हल्ली सगळी तोंडं बांधलेली, कोणीही कोणासारखा दिसतो. त्याने मान हलवली. चार दिवसांनी पुन्हा आला. या वेळी पाणीही मागितलं नाही. "खापरला होता," एवढंच म्हणाला. "सीमेकडे चाललाय."

त्या संध्याकाळी शेठनी मला लांबूनच हाक मारली. मी त्यांच्या ओट्यापासून सहा फुटांवर खुर्ची टाकून बसले. भाभी दारात उभ्या होत्या, पदराचं टोक दातात धरून. शेठ सुकले होते. गाल आत गेले होते, ओठ फुटले होते, आणि कपाळावर उन्हाचा रापलेला पट्टा होता. पाच आठवडे सावलीत बसलेल्या माणसाच्या कपाळावर!

त्यांनी बॅग उघडली. नवीन चपलांचा जोड काढून माझ्यापुढे उलटा धरला. टाचा एका बाजूला झिजल्या होत्या, तळात बारीक खडी रुतली होती.

"मी घाल्या नहीत, बाई. नवकार मंत्रनी आन."

"खाखरं वीस व्हतं," भाभी म्हणाल्या. "नऊ उरनं. मी देखस त रोज एक कमी."

"आन आज सुरतहून अमृतभाईना फोन उना," शेठ म्हणाले. अमृतभाई म्हणजे सुरतेचा व्यापारी, चाळीस वर्षांचा संबंध. "भाभीना फोनवर. म्हने, शांतीभाई, काल तुम्हीच फोन करा, आन म्हनात, सीमाना नाकावर अडकनू, पोटली मांगे राही गयी, ती भेटनी का येस. मन्हा फोन त महिनाभर बंद पडेल शे, बाई. रिचार्ज कोठे शे?"

नंतर शेठ जे बोलले ते मी अजून विसरू शकत नाही. फार हळू बोलले. "मी आठेच बठेल शे, तरी पाय दुखतस. माले भ्याव वाटस."

या माणसाला मी वीस वर्षं ओळखत होते. दंगलीच्या दिवसात सुरतेच्या गल्लीतून साड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन आलेला माणूस. तो भीती वाटते म्हणाला तेव्हा मलाही भीती वाटली, साधी सरळ.

भाभी दोन पायऱ्या उतरून खाली आल्या. "बाई, हात जोडस. पोटली त्यासना हातमा देजो नका. मांगी तरी नही. ज्याना हातमा पोटली, तो निघना. आंग आठे आन पोटली त्यासना हातमा, आसं व्हवाले नको. मंग ते जातीन आन आंग आठेच राही जाई."

"रस्ता खुलना म्हणजे दोन्ही संगे जातीन," शेठ म्हणाले, हसायचा प्रयत्न करत.

"नाही देत," मी म्हटलं. "माझ्या कोनाड्यात आहे, तिथेच राहील."

पण मेच्या पहिल्या आठवड्यात मला ड्युटी लागली. शाळा बंद, मग मास्तरांना बसवून कसं ठेवायचं? खापरच्या पुढे गुजरातच्या सीमेवर तपासणीचा नाका होता, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची आणि कपाळावर ते यंत्र धरून ताप मोजायचा. चार दिवस, मुक्काम तिथल्याच शाळेच्या वर्गात. सुकरामची जीप नेणार. आदल्या दिवशी मी बॅग भरायला काढली आणि माझं डोकं चालेना. काय न्यायचं? मास्क धुऊन वापरायचे की नवे? जेवण तिथे मिळेल की नाही? सॅनिटायझरची बाटली कपड्यांत सांडली तर? मी बॅग घेऊन गल्लीत आले आणि म्हटलं, "शेठ, सांगा."

त्यांचा चेहरा उजळला. महिन्याभरात पहिल्यांदा. त्यांनी ओट्यावरून, मी खाली रस्त्यावर, अशी ती बॅग आम्ही भरली. जड खाली. सॅनिटायझर उभा, बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. धुतलेले मास्क एका डब्यात, वापरलेल्यांना वेगळी पिशवी, "आन तिले गाठ मारजा, बाई, नही त घरभर व्हई." दोन चादरी, कारण तिथली भरोशाची नाही. लिंबू, मीठ, साखर. "पेन दोन. कोन्ही मांगं त देवानं नही." एखादा सरदार फौज लावतो तसे ते बोट नाचवत होते आणि भाभी दारात तोंडावर हात घेऊन हसत होत्या. मीही हसत होते. शेवटी म्हणाले, "मूठ घाला." मी उजव्या कोपऱ्यात मूठ घातली. जागा होती.

"तठे पोटली ठेवा," शेठ म्हणाले.

भाभींचं हसू गेलं.

"पस्ताना पुढे लेता येस," शेठ म्हणाले. "मन्हा आजा बैलगाडीवर जाये तधय पूर उना का पस्ताना पुढला गावले धाडी देये. बाई सीमेपार टाकी देतीन. म्हणजे प्रवास पूरा. मी घरमा जासू, पंखाखाले झोपसू." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "थकी गऊ, बाई."

भाभींनी शेठच्या फुटलेल्या ओठांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. पण त्यासना हातमा नही."

"अहो भाभी, शेठ इथे आणि मी तिथे. हातात कशी देणार?" मी म्हटलं आणि मोठ्याने हसले.

नाक्यावरचे पहिले दोन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत नाही. गुजरातेत ऊस तोडायला, इमारतींवर, विटभट्ट्यांवर गेलेली डोंगरातली माणसं परत येत होती. पायी. शेठमुळे माझी नजर त्यांच्या गाठोड्यांवर जायची. घाईत बांधलेली कळायची. तवा बाहेर, चादर लोंबतेय. एका बाईने टेबलफॅन डोक्यावर आणला होता. वरच्या पाड्यात वीज नाही हे तिला माहीत नव्हतं थोडंच, पण तीन महिन्यांच्या कामाचं तेवढंच हाती लागलं होतं. मी नावं लिहीत होते, यंत्र धरत होते, पाणी देत होते. रेंज नव्हती. पोटली पलीकडे टाकायची म्हणून दोनदा उठले आणि दोनदा घोळक्याने मला परत टेबलाशी आणलं. खरं सांगायचं तर एवढ्या लोकांच्या देखत सुपारी-तांदळाची पोटली फेकायची मला लाजही वाटत होती. उद्या टाकू, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाका एकाएकी रिकामा झाला. पोलीस पलीकडे मांडवात जेवायला बसले होते. मी टेबलाशी एकटी. डांबरावरून वाफा निघत होत्या. आणि मला आवाज आला. फट् फट् फट्. तो गुजरातकडून येत नव्हता, आमच्या बाजूने येत होता.

शेठ होते. काळी बॅग, तोंडाला रुमाल, कपाळ घामाने भिजलेलं, चपलांच्या टाचा पार गेलेल्या. टेबलापुढे येऊन उभे राहिले.

आता इथे मला माफ करा, किंवा करू नका. ओट्यावरचे अंगठे मी बघितले होते, चपला बघितल्या होत्या, सुकरामचं ऐकलं होतं. तरी माझ्या शिकलेल्या डोक्याला एकच सुचलं. हा हट्टी माणूस कांद्याच्या ट्रकवर बसून खरंच इथवर आलाय. आणि मला संताप आला.

"शेठ! एकसष्ट वर्षांचं वय, असल्या उन्हात, पास नाही, काही नाही! भाभींना सांगून आलात का?"

मी यंत्र त्यांच्या कपाळाकडे धरलं. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात ते यंत्र लोकांना फुकटचा ताप दाखवायचं, मला दोन-दोनदा मोजावं लागायचं. शेठच्या कपाळापुढे त्यात आकडाच आला नाही. 'लो' एवढीच अक्षरं आली. मी यंत्र टेबलावर आपटलं, पुन्हा धरलं. पुन्हा 'लो'. सेल गेले असतील म्हटलं.

सवयीने मी रजिस्टर ओढलं. क्रमांक दोनशे चौदा. नाव, शांतीलाल. कोठून, तळोदा. कोठे, सुरत. कारण, खरेदी.

"पुढे जाता यायचं नाही शेठ. परत फिरा. तीन वाजता सुकरामची जीप येते, तिच्यात घालते तुम्हाला."

"बाई," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "फक्त पोटली ऱ्हायनी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची दया आली. आणि मी असा विचार केला की अंगाने आलाय ना हा माणूस? मग भाभी म्हणाल्या ते कुठे लागू होतं? आंग इथे, पोटली इथे. दोन्ही बरोबर. तो जो लिंब दिसतोय पलीकडे, तिथवर जाईल, पोटली टाकेल, मनाची शांती होईल, परत येईल. मी माझी बॅग उघडली. त्यांनी वाकून आत बघितलं, मूठभर जागेत ठेवलेली ती लाल पोटली बघितली, आणि म्हणाले, "आते बरोबर भरी, बाई."

मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती, माठाच्या पाण्यासारखी.

"त्या लिंबापर्यंत," मी बजावलं. "हात लावायचा आणि परत."

त्यांनी मान हलवली. पोटली बॅगेच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली, बॅग खांद्याला लावली आणि निघाले. मघाचे पाय ओढत चालणारे शेठ नव्हतेच ते. ताठ, हलके, तरुण माणसासारखे. लिंबापाशी थांबतील म्हणून मी बघत राहिले. ते थांबले नाहीत. उन्हाच्या वाफेत रस्ता पाण्यासारखा हलत होता, त्यात ते गेले. तेवढ्यात पोलीस हात धुऊन आले. मी विचारलं, आत्ता एक माणूस गेला तो दिसला का? ते म्हणाले, कोण माणूस? मी घड्याळ बघितलं. दीड वाजून पाच मिनिटं झाली होती. तीनला सुकराम पाण्याचे जार द्यायला आला. शेठ परतले नव्हते. मी स्वतःची समजूत घातली की दुसरीकडून मिळाला असेल एखादा ट्रक.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सुकरामने मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. शेठचा ओटा धुतलेला होता. भाभी दारात बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या.

मी बॅग तिथेच रस्त्यावर ठेवली.

"काल दुपारले," भाभी म्हणाल्या. रडत नव्हत्या, रडून झालं होतं. "जेवनात, टेकनात. दीड वाजता मी पानी दिधं त उठेतच ना. ताप नही, खोकला नही. डॉक्टर म्हने, झोपमा गयात. पाच मानसं उनीत, पाचच येवाले परवानगी." मग म्हणाल्या, "बॅग सापडस नही, बाई. शेजारेच व्हती. मी उठाडाले गऊ तधय नही व्हती."

मला बसायला सहा फुटांवर तीच खुर्ची होती. मी बसले नाही. गल्लीत कोणी नव्हतं आणि चपलांचा आवाजही नव्हता. त्या दिवसापासून तो कधी आला नाही.

भाभींनी माझ्याकडे वर बघितलं. "पोटली सीमेपार टाकी ना, बाई?"

"टाकली," मी म्हटलं.

"त्यासना हातमा त नही ना दिधी?"

आयुष्यभर पोरांना मी खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलंय.

"नाही, भाभी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "मंग बरं. म्हणजे त्यासना टाईम भरेल व्हता. मी आपली उगाच भिऊ."

त्या आता त्यांच्या मुलीकडे राहतात. आखाजीला फोन करतात, माझी तब्येत विचारतात, आणि दर वेळी म्हणतात की शेठ शेवटी सुटले ते तुमच्यामुळे, तुम्ही पस्ताना पोचवलात. मी हो म्हणते. ते रजिस्टर तहसीलच्या कुठल्या तरी कपाटात असेल. दोनशे चौदा नंबरला माझंच अक्षर आहे आणि परतीचा रकाना कोरा आहे. अजून कुठे जायचं असलं की मी बॅग त्यांच्या पद्धतीने भरते, जड खाली, रोजचं वर. पण शेवटी उजव्या कोपऱ्यात मूठ घालून बघायची माझी हिंमत होत नाही. मी ती बॅग ठासून भरते.